आकार शेवटी पाहा: लघवीतल्या स्फटिकांवरून मुतखड्याचा अंदाज कसा बांधावा

मे महिन्यात नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या लॅबपुढे सकाळी साडेसातलाच रांग लागते. शुगर आणि सीबीसीवाले बाराही महिने असतात, पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, जवळ आला की कंबर धरून उभी असलेली माणसं वाढतात. कोणी दिवसभर स्लॅबवर काम करणारा, कोणी ऑटो चालवणारा, कोणी बुटीबोरीला भट्टीपुढे ड्युटी करणारा. डोक्याला शेला गुंडाळलेला असतो, हातात लघवीची डबी. अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं आणि लघवी उरते ती दाट, पिवळीजर्द.

याच दिवसांत डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची, नवी पोरं ट्रेनिंगला येतात. पहिल्याच आठवड्यात त्यातलं एखादं मायक्रोस्कोपवरून मान वर न करता ओरडतं, "मॅडम, पाकीट दिसून राहिलं! ऑक्झलेटचा खडा हाय याले." पाकीट म्हणजे पाकिटासारखा दिसणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा स्फटिक. मी विचारते, "पीएच किती?", म्हणजे लघवी आम्ल की अल्कली (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली). उत्तर नाही. "सॅम्पल कितीला घेतलं?" तेही माहीत नाही. पुस्तकातलं चित्र आणि फील्डमधलं, म्हणजे मायक्रोस्कोपमधून दिसणाऱ्या गोलातलं, चित्र जुळलं, एवढ्यावर पोरगं खूश असतं.

या पोरांना मी जे तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवते आहे. स्फटिकाचा आकार हा या कामातला सगळ्यात देखणा भाग आहे, आणि एकट्यावर विसंबलं तर तोच सगळ्यात फसवा. म्हणून माझ्या हाताखाली आकार बघायचा नंबर शेवटी येतो.

स्फटिक म्हणजे खडा नव्हे

पाक दाट केला आणि गार होऊ दिला की कढईच्या कडेला साखर बसते. लघवीचंही तसंच आहे. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड, फॉस्फेट हे पदार्थ तिच्यात विरघळलेले असतात. पाणी कमी झालं, पीएच एका बाजूला झुकला किंवा सॅम्पल गार झालं की ते स्फटिक होऊन बाहेर पडतात. ठणठणीत माणसाच्या लघवीतही कॅल्शियम ऑक्झलेटची पाच-दहा पाकिटं दिसू शकतात. काल पालकाची भाजी खाल्ली असेल, रात्री पाणी कमी प्यायलं असेल. उलट, मूत्रपिंडात भला मोठा खडा बसलेल्या माणसाच्या लघवीत एकही स्फटिक सापडत नाही, असंही आठवड्यातून एकदा तरी होतं.

तेव्हा स्लाइड आपल्याला आजच्या लघवीची हालत सांगते. खडा कशाचा आहे, याचा त्यावरून अंदाज निघतो. पक्कं उत्तर खडा हातात आल्यावर मिळतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. अंदाजाला किंमत नाही असं मात्र समजू नका. युरिक ॲसिडचा खडा असेल तर लघवीचा पीएच वाढवणाऱ्या औषधाने तो विरघळू शकतो. ट्रिपल फॉस्फेटचा असेल तर आत जंतुसंसर्ग आहे, तो आटोक्यात आणून खडा पुरता काढावा लागतो. सिस्टिन (आनुवंशिक आजारात लघवीत येणारा पदार्थ) निघालं तर भावंडांचीही तपासणी करावी लागते. पुढची दिशा बदलते, म्हणून आपलं दोन ओळींचं निरीक्षण नीट हवं.

पहिलं काम: सॅम्पल

डबी लॅबचीच द्या. घरून आणलेल्या बाटल्यांचे मी इतके नमुने पाहिलेत की त्यांचं प्रदर्शन भरवता येईल. खोकल्याच्या औषधाची बाटली नुसती विसळून आणली की लघवीत बुडवायच्या, रंग बदलणाऱ्या तपासणी-पट्टीवर शुगर येऊ शकते आणि अख्खं घर घाबरतं. लोणच्याच्या बरणीत तेलाचे थेंब तरंगतात. पावडर लावलेल्या हाताने डबी उघडली की स्टार्चचे कण पडतात, आणि नवशिक्याला त्यात नवाच स्फटिक सापडतो.

सुरुवातीची धार सोडून मधली लघवी घ्यायला सांगा. "मिडस्ट्रीम" म्हटलं तर लोक मान डोलावतात आणि त्यांना हवं तेच करतात. "थोडी जाऊ द्या, मग डबीत धरा" असं सांगितलं की समजतं.

वेळ डबीवरच लिहा, रजिस्टरमध्ये नंतर चढवता येईल. लघवी दिल्यापासून दोन तासांच्या आत स्लाइड बघून झाली पाहिजे. नागपूरच्या उन्हाळ्यात मी तर एकच तास धरते. पारा ४५ च्या आसपास असताना डबी खोलीत पडून राहिली तर तिच्यातले जंतू झपाट्याने वाढतात, युरिया फोडून अमोनिया बनवतात आणि पीएच वर चढतो. सकाळी आम्ल असलेली लघवी दुपारी अल्कली होऊन बसते. मग आधी नसलेले फॉस्फेट त्यात उगवतात आणि असलेलं युरिक ॲसिड विरघळून जातं.

एका कलेक्शन सेंटरकडून आमच्याकडे दुपारी दोनला एक सॅम्पल आलं. गाडीच्या डिकीतून आलेली डबी हाताला गरम लागत होती आणि झाकण उघडताच अमोनियाचा वास नाकात गेला. फील्डमध्ये ट्रिपल फॉस्फेटची नुसती दाटी. ट्रेनिंगच्या मुलीने लिहून टाकलं असतं, पण मी पेशंटला फोन करून परत बोलावलं. ताज्या लघवीचा पीएच ५.५ निघाला आणि फॉस्फेट औषधालाही नव्हते. खडा त्या माणसाच्या पोटात होता की नाही, ते सोनोग्राफीने ठरायचं ते ठरलं असेल. पण तो ट्रिपल फॉस्फेटचा असल्याचा संशय आमच्या कागदाने घेतला असता, आणि तो डिकीत तयार झालेला होता.

यावर फ्रीज हा उपाय अर्धामुर्धाच आहे. थंडीने जंतू थांबतात, पण लघवीतले क्षार खाली बसतात. फ्रीजमधून काढलेल्या डबीच्या तळाशी विटकरीचा चुरा पडल्यासारखा गुलाबी गाळ दिसला तर तो बहुधा युरेटचा, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचा, असतो. पेशंटने पाहिला तर रक्त समजून घाबरतो. ट्यूब कोमट पाण्यात धरली की हा गाळ विरघळतो. पांढुरका गाळ कोमट करूनही तसाच राहिला आणि ॲसेटिक ॲसिडच्या थेंबाने गेला, तर तो फॉस्फेटचा.

मग पीएच

पट्टी बुडवली की लगेच बाहेर काढा, कड टिश्यूवर टेका आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर प्रोटीनच्या चौकोनातलं आम्ल ओघळून पीएचच्या चौकोनात उतरतं आणि आकडा खोटा येतो. पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

लघवीचा पीएच ४.५ ते ८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, बहुतेकांचा ६ च्या आसपास असतो. डोक्यात दोन कप्पे करा. आम्ल लघवीत युरिक ॲसिड, युरेट आणि सिस्टिन. अल्कली लघवीत ट्रिपल फॉस्फेट, कॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम बाययुरेट. कॅल्शियम ऑक्झलेट मात्र कोणत्याही घरी जेवणारा पाहुणा आहे. आम्ल लघवीत जास्त, पण न्यूट्रलमध्ये आणि कधीकधी अल्कलीतही दिसतो.

या दोन कप्प्यांमुळे निम्म्या चुका टळतात. पीएच ८ असताना कोणी "युरिक ॲसिड" म्हणालं, तर स्लाइड बघायच्या आधीच मी नाही म्हणते.

फिरवणं, थेंब, उजेड

सॅम्पल हलवून एकसारखं करा. निमुळत्या ट्यूबमध्ये १० ते १२ मिली घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या ट्यूब ठेवून १५०० ते २००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी एका झटक्यात ओता, तळाशी अर्धा मिली राहू द्या आणि ट्यूबला टिचक्या मारून डिपॉझिट, म्हणजे तळाचा गाळ, मोकळं करा. एक थेंब स्लाइडवर घ्या, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडा. बुडबुडा आला तर दुसरी स्लाइड करा. बुडबुड्याला गोल स्फटिक समजलेली पोरं मी पाहिली आहेत.

यानंतर सगळे उजेडाशी चुकतात. लघवीतल्या बऱ्याच गोष्टी काचेसारख्या पारदर्शक असतात, उजेड भरपूर ठेवला तर त्या दिसतच नाहीत. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) खाली घ्या, डायफ्राम (उजेडाची झडप) थोडा बंद करा, फील्ड जरा मळकट होऊ द्या. सगळी स्लाइड आधी १० एक्सच्या लेन्सवर फिरा, कडांसकट. ४० एक्सवर जायचं ते नंतर. आणि बारीक फोकसचा स्क्रू बोटाखाली सतत हलता ठेवा. स्फटिक म्हणजे कागदावरचं चित्र नाही, त्याला जाडी असते. फोकस वर-खाली केला की एका पातळीवर चौकोन दिसतो, जरा खाली त्याच चौकोनात फुली उमटते. ती फुली म्हणजे त्याच्या पिरॅमिडच्या कडा.

आता आकार

आकारांची इंग्रजी नावं पाठ करून पोरं परीक्षा पास होतात, पण त्यातल्या निम्म्या वस्तू कोणी पाहिलेल्या नसतात. शवपेटीचं झाकण आमच्या महालातल्या पोराने कधी बघावं? म्हणून मी माझ्या उपमा लावल्या.

*कॅल्शियम ऑक्झलेट.* मुतखड्यांमध्ये कॅल्शियमचे खडे सर्वांत जास्त, ढोबळमानाने पाचातले चार, आणि त्यातही ऑक्झलेटचे सर्वाधिक. म्हणून याची दोन्ही रूपं डोळ्यांत बसली पाहिजेत. एक रूप डायहायड्रेटचं (स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असलेलं): दोन पिरॅमिड बूड जोडून ठेवावेत तसं. वरून पाहिलं की पोस्टाचं पाकीट मागच्या बाजूने दिसतं तसा चौकोन आणि आत फुली. रंग नाही, कडा धारदार, लहानमोठे सगळे एकाच साच्यातले. खनिजशास्त्रात याला वेडेलाइट म्हणतात, कारण हे खनिज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाच्या गाळात सापडलं होतं. नवतप्यात घामेजलेल्या माणसाच्या लघवीत बर्फाच्या समुद्रातलं खनिज निघतं, याची मला दर वर्षी गंमत वाटते.

दुसरं रूप मोनोहायड्रेटचं (पाण्याचा एकच रेणू), आणि खरं फसवतं ते हेच. लंबगोल, मधे चेपलेलं, कधी थेट डमरू. डमरू दिसला तर काम सोपं. पण हाच डमरू दुसऱ्या बाजूने वळला की साधा लंबगोल दिसतो आणि आरबीसी (तांबडी रक्तपेशी) म्हणून खपून जातो. तो कसा खपतो, ते खाली माझ्याच चुकीवरून सांगते. याच मोनोहायड्रेटच्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या कण्यांनी फील्ड भरलं असेल आणि पेशंट बेशुद्धीत आणलेला असेल, तर पॅथॉलॉजिस्टना ताबडतोब हाक मारा. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं. अशा वेळी स्लाइडला रांगेत ठेवायचं नसतं.

*युरिक ॲसिड.* हे शंकरपाळं. पिवळसर ते तपकिरी, तिरक्या चौकोनाचं, आणि तळताना जास्त झाल्यासारखा रंग. पण युरिक ॲसिड एका रूपावर थांबत नाही. लिंबाच्या आकाराचं, पिंपासारखं, पाकळ्यांचं फूल झालेलं, कधी सहा बाजूंचंही असतं. त्यामुळे याला ओळखताना आकारापेक्षा रंग आणि पीएच हे साक्षीदार भरवशाचे. पीएच ५.५ च्या खाली असेल आणि स्फटिकाला पिवळी झाक असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. शुगर आणि वजन दोन्ही वाढलेल्या पेशंटांची लघवी पुष्कळदा अशी आम्ल असते. याचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत आणि सीटीत दिसतो. "एक्स-रे क्लिअर आहे, मग दुखतं काऊन?" असं विचारत एखादा आला आणि स्लाइडवर शंकरपाळी दिसली, तर ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

*ट्रिपल फॉस्फेट.* मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, म्हणजे स्ट्रुव्हाइट. शवपेटीऐवजी आपल्याकडचं चौपाखी छप्पर आठवा: मधे लांब आढं आणि चारी बाजूंना उतार. बिनरंगी, मोठं, १० एक्सवरही ओळखू येणारं. पीएच ७ च्या वर. प्रोटियस, क्लेब्सिएला यांसारखे जंतू युरिया फोडतात, त्यातून याला लागणारा अमोनिया मिळतो. म्हणून ताज्या लघवीत चौपाखी छपरं आणि शेजारी पस सेल्सची (पांढऱ्या रक्तपेशींची) गर्दी असेल तर कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) सल्ला रिपोर्टमध्ये जाऊ द्या. याचा खडा वाढत वाढत मूत्रपिंडाच्या सगळ्या कोपऱ्यांत शिरतो, सीटीत हरणाच्या शिंगासारखा दिसतो.

*कॅल्शियम फॉस्फेट.* लांब निमुळत्या सळ्या, कधी एका टोकाला बांधल्यासारखा झुपका, कधी चांदणी. अल्कलीकडे झुकलेल्या लघवीत दिसतो. वारंवार दिसला आणि खडेही वारंवार होत असतील तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या नलिकांचा आणि पॅराथायरॉइडचा विचार करतात. आपण फक्त दिसला ते स्पष्ट लिहायचं.

*सिस्टिन.* नट-बोल्टमधला नट, मधल्या छिद्राशिवाय. सहा बाजूंची सपाट, बिनरंगी चकती, पुष्कळदा एकीवर एक चढलेली. आम्ल लघवीत. मी इतक्या वर्षांत मोजून चार वेळा पाहिलं आहे. आनुवंशिक आजारातून हे येतं, आणि खडे लहान किंवा तरुण वयातच सुरू होतात. १८१० मध्ये वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मूत्राशयातल्या एका खड्यात हा पदार्थ ओळखला आणि मूत्राशयाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. प्रथिनांतला एक महत्त्वाचा घटक माणसाला असा लघवीच्या वाटेने सापडला, हे अनेकांना माहीत नसतं. सिस्टिनचा संशय आला तर एकट्याने रिपोर्ट सोडायचा नाही. खात्रीच्या टेस्टमध्ये सायनाइड लागतं. छोट्या लॅबच्या बेसिनपाशी करायचा तो प्रकार नाही.

*अमोनियम बाययुरेट.* पुस्तकात "थॉर्न ॲपल" लिहिलेलं असतं आणि पोरं काटेरी सफरचंद शोधत बसतात. अरे, तो आपला धोतरा! महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तेच काटेरी फळ. तपकिरी गोळा आणि अंगावर वाकडे काटे. बहुतेक वेळा शिळ्या सॅम्पलची खूण असते, म्हणून हा दिसला की आधी डबीवरची वेळ वाचा.

गव्हाची पेंढी मधे बांधावी तसे झुपके दिसले तर पेशंटला गोळ्या विचारा. सल्फाची औषधं अशी दिसू शकतात, आणखीही काही अँटिबायोटिक्सच्या सुया पडतात. टायरोसिन, ल्युसिन, बिलिरुबिन हे यकृताच्या आजाराकडे बोट दाखवतात, खड्याकडे नाही.

माझी चूक

पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका लॅबमध्ये, मी एका बाईंच्या रिपोर्टवर "आरबीसी: भरपूर" लिहिलं. फील्डभर छोटे लंबगोल होते, कडेला किंचित उजळ, मधे जरा खोल. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहिल्या. सोमवारी सिनियर सरांनी उरलेलं डिपॉझिट मागितलं, स्लाइड केली आणि मला काही न बोलता कव्हरस्लिपच्या कडेला पातळ ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडला. पलीकडच्या कडेला फिल्टर पेपरचा तुकडा लावला, म्हणजे थेंब आत ओढला गेला. "बघ," म्हणाले. मी बघत राहिले. आरबीसी असत्या तर फुटून नाहीशा झाल्या असत्या. माझ्या "आरबीसी" जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. त्यातली एक प्रवाहात कुशीवर वळली आणि डमरू झाली.

सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की त्या दिवशीच्या पट्टीवर रक्ताचा चौकोन कोरा होता. मीच तो वाचला होता आणि मीच रजिस्टरमध्ये लिहिला होता. भरपूर आरबीसी आणि पट्टीवर रक्त नाही, हे दोन्ही शेजारी-शेजारी लिहिताना हात थांबायला हवा होता. त्या बाई दोनदा जास्तीचे पैसे भरून आल्या, आणि त्याची भरपाई मी कधी केली नाही.

शंका असेल तर थेंब सोडा

ही थेंबाची युक्ती स्वस्त आणि जुनी आहे. ॲसेटिक ॲसिडमध्ये फॉस्फेट विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेट बुडबुडे सोडत विरघळतो. ऑक्झलेट, युरिक ॲसिड आणि सिस्टिन तसेच राहतात. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ऑक्झलेट जातो, सिस्टिनही जातं, युरिक ॲसिड टिकतं. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये युरिक ॲसिड विरघळतं. म्हणजे सहा बाजूंचा स्फटिक पाहून सिस्टिन की युरिक ॲसिड अशी अडचण आली, तर हायड्रोक्लोरिकचा एक थेंब बराचसा निकाल लावतो. थेंब सोडताना लेन्स वर घ्या. ४० एक्सच्या लेन्सला ॲसिड लागलं की ती खर्चात पडते, आणि तो खर्च कोणाच्या पगारातून निघतो ते तुम्हाला कळेलच.

पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म) असेल तर आणखी सोपं. नसेल तर बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म काढून एक तुकडा दिव्यावर आणि एक आयपीसवर धरा. वरचा तुकडा फिरवत फील्ड काळं करा. त्या काळोखात युरिक ॲसिड रंगीबेरंगी पेटतं, मोनोहायड्रेटही लखलखतो, डायहायड्रेट मंद दिसतो, सिस्टिनची पातळ चकती जेमतेम. आरबीसी दिसतच नाहीत. स्टार्चच्या कणावर मात्र फुली चमकते, त्यावरून पावडरचा हात पकडता येतो.

रिपोर्टमध्ये काय लिहाल

स्फटिकाचं नाव, प्रमाण, पीएच आणि सॅम्पल शिळं असेल तर तेही. "ऑक्झलेटचा खडा आहे" असं कधीच लिहू नका, तोंडीही सांगू नका. काउंटरवर लोक विचारणारच: "ताई, टमाटे बंद करू का?" टमाट्याच्या बियांचा खडा होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. खरं तर टमाट्यात ऑक्झलेट फार नसतं, पालकात त्याच्या कितीतरी पट असतं. दूध बंद करणारेही भेटतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, म्हणून दूध सोडून फायदा नाही, उलट तोटा होऊ शकतो. पण आहाराचं डॉक्टरांना विचारा, असंच सांगा. पाणी भरपूर प्या, हे सांगायला हरकत नाही, तेही किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर. खडे होणाऱ्याला दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, असं डॉक्टर साधारण सांगतात. नागपूरच्या मे महिन्यात त्यासाठी किती प्यावं लागेल, याचा हिशेब घामासकट करावा लागतो.

आणि खडा हाती आला तर

पेशंटला चहाची जुनी, बारीक जाळीची गाळणी बाजूला काढून ठेवायला सांगा आणि खडा पडेपर्यंत प्रत्येक वेळची लघवी गाळून घ्यायला सांगा. खडा साध्या पाण्याने धुवावा, वाळवावा आणि कोरड्या डबीत टाकावा. फॉर्मालिन नको, स्पिरिट नको, आणि कागदावर सेलोटेपने चिकटवणं तर मुळीच नको. टेपचा गोंद तपासणीत मधे येतो.

भिंगातून आधी स्वतः बघा. तुतीच्या फळासारखा गाठीगाठींचा, गडद तपकिरी असेल तर बहुधा मोनोहायड्रेट. पिवळसर, टोकदार कण्यांचा आणि बोटाला टोचणारा असेल तर डायहायड्रेट. गुळगुळीत, नारिंगी-पिवळा असेल तर युरिक ॲसिड. मेणासारखी मधाळ चमक असेल तर सिस्टिन. पांढुरका, नखाने भुगा होणारा असेल तर ट्रिपल फॉस्फेट. पुष्कळ खडे मिश्र असतात, आत एक आणि वर दुसराच थर. म्हणून भिंगावर थांबू नका. खडा इन्फ्रारेड तपासणीला पाठवा. त्यात खड्याची पूड करून तिच्यावर इन्फ्रारेड किरण टाकतात, आणि कोणते किरण शोषले गेले त्या आलेखावरून पदार्थ ओळखतात. आमच्याकडे यंत्र नाही, आम्ही बाहेर पाठवतो. सोबतच्या फॉर्मवर खडा कधी पडला आणि ताज्या लघवीचा पीएच किती होता, एवढं नक्की लिहा.

मागच्या उन्हाळ्यात इतवारीतले एक काका वर्तमानपत्राच्या पुडीत खडा घेऊन आले. तीन दिवस पोटात दुखत होतं, मग हा पडला, म्हणाले. करडा, कडक, एका बाजूने चमकणारा. मला तो कुठल्याच ओळखीच्या खड्यासारखा वाटेना, पण काकांचा चेहरा पाहून बोलले नाही. पाठवला. रिपोर्ट आला सिलिकाचा, म्हणजे साधी वाळू. "गाळणीतून गाळलं होतं ना काका?" मी विचारलं. काका जरा थांबले. "गाळणी काकूने दिली नाही. बाथरूमच्या फरशीवर होता, तो उचलला."

आता आम्ही काउंटरखाली गाळण्या ठेवतो. डबी देताना सोबत तीही देतो.